चुंबकावर प्रकाशाची हुकमत : कुलाबा, अलिबाग आणि त्यापुढे

लोहचुंबक ही आपल्या कोकणच्या किनाऱ्याला पिढ्यान् पिढ्या ओळखीची वस्तू आहे. बाणकोटच्या खाडीतून गलबत बाहेर पडले की किनारा दिसत असेतो डोंगराचा सुळका, किल्ल्याचा बुरूज, मशिदीचा मिनार, देवळाचा कळस या खुणा तांडेलाला पुरत. किनारा नजरेआड झाला आणि आभाळही भरून आले, की मग भिस्त होकायंत्रावर. हा 'होका' शब्दच मुळी अरबी दर्यावर्दींच्या 'हुक्का' या शब्दाशी नाते सांगतो. हुक्का म्हणजे डबी, अर्थात ज्या डबीत चुंबकसूची ठेवीत ती. पुढे येमेनचे सुलतान झालेले अल-अशरफ यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस होकायंत्र तयार करण्याची रीत लिहून ठेवलेली आहे. प्रकाशाचे शास्त्र तर त्याहूनही आधीचे. बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात कैरोमध्ये बसून, डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, हे प्रयोगांच्या आधारे मांडले. पण चुंबक आणि प्रकाश हे दोन विषय त्यानंतरही कित्येक शतके दोन वेगळ्या वाटांनी चालत राहिले. प्रकाश चुंबकाला हुकूम देऊ शकतो काय, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

तो विचारला गेला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आणि पहिले उत्तर चुकीचे आले. रोममधील मोरिकिनी या गृहस्थांनी असा दावा केला, की सूर्यप्रकाशातील जांभळा रंग पोलादी सुईवर पाडला असता सुई चुंबक बनते. मेरी सॉमरव्हिल या स्कॉटिश विदुषींनी हाच प्रयोग आपल्या पद्धतीने केला आणि 1826 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. वाचला तो त्यांच्या पतीने. स्त्रीने विद्वानांच्या सभेत उभे राहून निबंध वाचावा असा तो काळ नव्हता. लहानपणी त्यांच्या अभ्यासाला घरातून विरोध झाला होता आणि गणित त्या स्वतःच्या जिद्दीने शिकल्या होत्या. निबंधाचे कौतुक झाले, परंतु तीन वर्षांतच जर्मन शास्त्रज्ञांनी काटेकोर प्रयोग करून दाखवून दिले, की सुईत आढळणारे चुंबकत्व हे प्रकाशाचे काम नव्हे. प्रश्न मात्र जिवंत राहिला, आणि माझ्या मते सॉमरव्हिलबाईंचे मोठेपण तेवढ्यापुरते शाबूत आहे.

उत्तराची पहिली खरी खूण मिळाली ती मायकेल फॅरेडे यांना. लोहाराचा मुलगा, शाळेचे शिक्षण बेताचे, पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस. 13 सप्टेंबर 1845 रोजी त्यांनी शिसे मिसळलेल्या जड काचेच्या तुकड्यातून ध्रुवित प्रकाश पाठवला. ध्रुवित प्रकाश म्हणजे ज्याच्या लहरींची कंपने एकाच पातळीत होतात असा प्रकाश. शेजारचा विद्युतचुंबक चालू करताच ती पातळी किंचित वळली. चुंबक प्रकाशावर परिणाम करतो हे सिद्ध झाले. सन 1877 मध्ये जॉन केर यांनी याचीच दुसरी बाजू दाखवली : चुंबकाच्या घासून चकचकीत केलेल्या टोकावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचीही पातळी वळते. हे केर ग्लासगोच्या एका अध्यापक विद्यालयात शिक्षक होणाऱ्या तरुणांना गणित शिकवीत. विद्यार्थी मित्रांनो, केर यांचे नाव ध्यानात ठेवा, या लेखाच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

ज्या 1826 साली सॉमरव्हिलबाईंचा निबंध वाचला गेला, त्याच साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या कुलाबा भागात वेधशाळा स्थापन केली. (आपल्याकडे 'कुलाबा' म्हटले की अलिबागचा जिल्हाच डोळ्यांपुढे येई, कारण 1981 पर्यंत रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. येथे अभिप्रेत आहे तो मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाचा कुलाबा.) आरंभीचा हेतू जहाजांना अचूक वेळ देणे आणि ताऱ्यांचे वेध घेणे हा होता. सन 1841 पासून तेथे एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली हवामानाची आणि चुंबकत्वाची निरीक्षणे सुरू झाली. त्या वेळी तेथे मदतनीस म्हणून काम करीत होता केरो लक्ष्मण छत्रे हा सोळा वर्षांच्या आसपासचा मुलगा. अलिबागजवळच्या नागावचा. पुढे हेच केरूनाना छत्रे महाराष्ट्रातील थोर गणिती व ज्योतिर्विद म्हणून प्रसिद्धीस आले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचे प्रमुखपण सांभाळले होते. तेही आपल्याच त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे. आजचे पालक मुलाने विज्ञान घ्यावे म्हणतात ते बहुधा डॉक्टर-इंजिनियर डोळ्यांपुढे ठेवून. निरीक्षण करणे, नोंद ठेवणे हाही एक आयुष्यभराचा पेशा असू शकतो, हे या किनाऱ्यावरच्या माणसांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

वेधशाळेत करायचे काय, तर टांगलेली चुंबकसूची दुर्बिणीतून पाहायची आणि ती किती हलली ते लिहायचे. दिवसा, रात्री, पावसाळ्यात, सणाच्या दिवशीही. सूची हलते हे बहुतेकांना ठाऊकही नसते, कारण हलणे अतिशय सूक्ष्म असते. लंडनमधील घड्याळे बनवणारे जॉर्ज ग्रॅहॅम यांना 1722 साली प्रथम दिसले, की सूची रोज दिवसा एका ठराविक रीतीने थोडी सरकते आणि रात्री जवळजवळ स्वस्थ असते. म्हणजे सूर्याचा तिच्याशी काही संबंध असला पाहिजे. पण सूर्य तर कोट्यवधी मैल दूर! त्याचा प्रकाश आपल्या तळघरातल्या सुईपर्यंत पोचणार कसा?

याचे उत्तर हवेच्या थरांत आहे. 1882 साली बाल्फोर स्टुअर्ट यांनी सुचवले, की खूप उंचावरच्या हवेत विजेचे प्रवाह वाहत असावेत. आज आपण जाणतो, की सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण जमिनीपासून सुमारे 100 किलोमीटर उंचीवरील विरळ हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन वेगळे करतात. हवेचे ते थर विद्युतवाहक बनतात. तेथील वारे या वाहक थराला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ढकलतात, त्यामुळे सायकलच्या डायनामोप्रमाणे वीज वाहू लागते, आणि त्या विजेचे चुंबकत्व खाली सूचीला हलवते. सूर्य मावळला की त्या उंचीवरचे इलेक्ट्रॉन पुन्हा कणांना मिळतात आणि सूची शांत होते. प्रकाशाने थरांच्या द्वारे चुंबकत्वावर चालवलेली ही हुकमत निसर्गात रोज दुपारी आपल्या डोक्यावर चालू असते.

सन 1859 मध्ये मात्र या नेहमीच्या हालचालीत मोठाच प्रक्षोभ झाला. 1 सप्टेंबर रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता त्यांना डागांच्या गटावर डोळे दिपवणारे दोन पांढरे ठिपके काही मिनिटे दिसले. त्याच क्षणी लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील सूची किंचित हलल्याची नोंद आहे. ही हालचाल प्रकाशाबरोबर आलेल्या किरणांची. सुमारे साडेसतरा तासांनी सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा ढग पृथ्वीवर येऊन आदळला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, उष्ण प्रदेशाच्या जवळपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. मुंबईत 2 सप्टेंबरच्या दुपारपूर्वी कुलाब्याच्या निरीक्षकांनी लिहून ठेवले, की क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग एकदम खाली आला आहे. ही घट आजच्या मोजमापात सुमारे 1,600 नॅनोटेस्ला, म्हणजे एकूण मूल्याच्या 4 टक्क्यांच्या आसपास होती. रोजची दुपारची हालचाल काही दहा नॅनोटेस्लाची असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळेल.

जगातील अनेक ठिकाणच्या यंत्रांची त्या दिवशी मोजपट्टीच संपली. मुंबईसारख्या विषुववृत्ताच्या बाजूच्या ठिकाणी मिळालेली पूर्ण नोंद कुलाब्याची. जवळजवळ दीड शतक ती जुन्या वार्षिक अहवालांत पडून होती. सन 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी अमेरिका व ब्राझीलमधील सहकाऱ्यांसह ती अभ्यासली आणि या वादळाची तीव्रता ठरवली. मार्च 1989 मध्ये याहून पुष्कळ लहान वादळाने कॅनडातील क्युबेक प्रांताची वीज सुमारे 9 तास घालवली आणि 60 लाख माणसे अंधारात बसली. आज विजेच्या तारांचे जाळे आणि आकाशातील उपग्रह यांवर सारा व्यवहार चाललेला असताना 1859 सारखे वादळ आले तर काय होईल, याचा हिशेब करणाऱ्यांना कुलाब्यातील त्या निरीक्षकांची नोंद आधाराला घ्यावी लागते. त्यांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत.

पुढे 1870 नंतरच्या दशकात कुलाब्याला डोळ्यांनी पाहण्याऐवजी प्रकाशाच्या साहाय्याने नोंद घेणारी यंत्रे आली. रचना साधी पण चतुर. चुंबकाला एक छोटा आरसा चिकटवायचा आणि तो बारीक धाग्याला टांगायचा. अंधाऱ्या खोलीत दिव्याचा एक कवडसा त्या आरशावर सोडायचा. परावर्तित कवडसा घड्याळाने फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या फोटोच्या कागदावर पडतो. चुंबक हलला की आरसा हलतो, आरसा हलला की कवडसा सरकतो आणि कागदावर चोवीस तासांची रेघ उमटते. येथे प्रकाश हुकूम देत नाही, कारकुनी करतो. पण तो न थकणारा, न डुलकी घेणारा कारकून!

या यंत्रांचे खरे रक्षणकर्ते ठरले नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस. एल्फिन्स्टन कॉलेज आणि एडिंबरो येथे शिकलेले हे पारशी गृहस्थ 1896 मध्ये कुलाबा वेधशाळेचे प्रमुख झाले. त्या जागेवर कायम नेमलेले ते पहिले भारतीय. थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे संकट उभे राहिले. मुंबईत 1874 पासून घोड्यांच्या ट्राम होत्या आणि त्यांचा चुंबकाला काही त्रास नव्हता. आता विजेच्या ट्राम येणार होत्या. विजेचा प्रवाह रुळांतून परत जाताना जमिनीत झिरपतो आणि जेथे प्रवाह तेथे चुंबकत्व. ट्राम गेली की सूची डळमळणार, आणि मग सूर्याची हाक कोणती व ट्रामची घरघर कोणती हे ओळखणार कोण? साठ वर्षांची अखंड नोंद तेथेच संपली असती.

मूस यांनी शहराला ट्राम नको असा हट्ट धरला नाही. धरला असता तर कोणी ऐकलाही नसता. दुसरी जागा शोधा, तेथे वेधशाळा बांधा आणि काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घ्या, मगच कुलाबा बंद करा, हा त्यांचा आग्रह. जागा निवडली मुंबईपासून सुमारे 30 किलोमीटरवर समुद्रकाठी, अलिबाग येथे. येथे आपल्या दगडाचा एक गुण सांगितला पाहिजे. कोकणातला काळा दगड चुंबकीय आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर पसरले, आणि प्रत्येक थर निवताना त्यातील लोहयुक्त कणांनी त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली. सह्याद्रीतील खालच्या पुष्कळशा थरांत ती दिशा आजच्या उलट आहे, कारण त्या काळी पृथ्वीचे ध्रुवच उलट होते. भूगर्भशास्त्रज्ञाला हा खजिना आहे, पण सूची टांगायच्या खोलीला असला दगड चालणार नाही. म्हणून अलिबागच्या इमारतीसाठी पोरबंदरचा वालुकाश्म आणला. लोखंडाचा खिळासुद्धा नाही, बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या. उष्णतेनेही चुंबक बदलतो, म्हणून खोलीच्या आत खोली अशी रचना करून तपमान स्थिर राखले.

अलिबागला 1904 मध्ये नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षे दोन्ही वेधशाळा समांतर चालल्या, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याला अचूक जोडता आला. सन 1906 मध्ये कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे थांबली आणि मे 1907 मध्ये मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली. त्या ट्रामही 1964 साली बंद झाल्या. मूस यांनी 1846 ते 1905 या साठ वर्षांचे सर्व आकडे दोन भागांत ग्रथित करून 1910 मध्ये प्रसिद्ध केले. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था, जी 1971 मध्ये स्वायत्त झाली आणि जिचे मुख्य कार्यालय नवीन पनवेल येथे आहे, अलिबागचे काम चालवते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चुंबकाने प्रकाशाला वळवले, पण प्रकाशाने चुंबकाला वळवायचे कसे? त्यासाठी तीव्र प्रकाश हवा होता आणि तो 1960 मध्ये लेसरच्या रूपाने आला. 1965 मध्ये हार्वर्ड येथे फॅरेडेच्या प्रयोगाची उलट बाजू दिसली. लहरींची दिशा मळसूत्रासारखी फिरवणारा, वर्तुळाकार ध्रुवित लेसर पदार्थातून गेला की त्यात क्षणभर चुंबकत्व निर्माण होते. 1996 मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर येथे निकेलच्या पातळ पत्र्यावर अतिशय लहान लेसर स्पंद टाकला, तेव्हा त्याचे चुंबकत्व एका सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागाहूनही कमी वेळात ढासळले. 2007 मध्ये हॉलंडमधील नायमेगेन येथे त्याहून लहान स्पंदांनी चुंबकाची दिशाच पालटून दाखवली. प्रकाश उजवीकडे फिरणारा असेल तर एक दिशा, डावीकडे फिरणारा असेल तर दुसरी.

याचा उपयोग काय, असे पालक विचारतील आणि त्यांनी विचारावेच. संगणकाच्या चकतीवर माहिती साठवतात ती चुंबकाच्या दोन दिशांत. ती दिशा बदलायला विजेची वेटोळी लागतात, वीज जाते आणि उष्णता होते. हेच काम प्रकाशाने झाले तर हजारपट वेगाने होण्याची शक्यता आहे. अडचण अशी, की जाड धातूत प्रकाश फार खोल शिरत नाही, वरच्या काही दहा नॅनोमीटरमध्येच संपतो. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष थरांच्या पदार्थांकडे गेले. अभ्रक आपण पाहिलेला आहे. जुन्या इस्त्रीत तो असे. नखाने त्याचे पापुद्रे सुटतात, कारण एका पापुद्र्याच्या आत अणूंची पकड घट्ट आणि दोन पापुद्र्यांमधली सैल असते. शिसपेन्सिलीतील ग्राफाइटचे असेच. 2004 मध्ये मँचेस्टर येथे चिकटपट्टीने सोलून सोलून त्याचा एक अणू जाडीचा थर वेगळा केला, आणि 2010 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

चुंबक मात्र एका थरात टिकेल का, याविषयी शंका होती. पातळ होत जाईल तसे उष्णतेने अणूंची रांग मोडावी असे गणित सांगे. 2017 मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी क्रोमियम आणि आयोडीन यांच्या संयुगाचा एक थर सोलला. माणसाच्या केसाच्या जाडीत असे सुमारे एक लाख थर मावतील. तो उणे 228 अंश सेल्सिअसखाली चुंबक राहिला. गंमत पुढेच आहे. दोन थर ठेवले तर ते एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून बसतात आणि बाहेरून चुंबकत्व दिसतच नाही. इतक्या पातळ चुंबकाजवळ सुई नेऊन काय दिसणार? त्याची परीक्षा केली ती त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने, 1877 मध्ये ग्लासगोच्या शिक्षकाने शोधलेल्या परिणामाने.

पुढे 2022 मध्ये याच पदार्थाच्या अणुजाड थरांची चुंबकीय दिशा केवळ वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाने पालटता येते असे प्रसिद्ध झाले. त्यानंतर डिसेंबर 2024 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेतील नुह गेडिक यांच्या गटाने आणखी एक पाऊल टाकले. नुह गेडिक मूळचे तुर्कस्तानचे. त्यांनी लोह, फॉस्फरस आणि गंधक यांचा थरांचा पदार्थ घेतला. यात शेजारशेजारचे अणुचुंबक परस्परविरुद्ध असल्याने एकूण चुंबकत्व शून्य. त्यावर त्यांनी डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त किरणांहूनही कमी वारंवारतेचा प्रकाश सोडला. ही वारंवारता पदार्थातील अणूंच्या कंपनाशी जुळवलेली होती. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसे. अणूंच्या जागा किंचित सरकल्या, विरुद्ध तोंडांचा समतोल ढळला आणि पदार्थाला चुंबकत्व आले. प्रकाशाचा स्पंद संपल्यावर असे परिणाम एरवी क्षणार्धात पुसले जातात, हा अडीच मिलिसेकंदांहून अधिक टिकला. आपल्याला हा काळ क्षुल्लक वाटेल, पण ज्या स्पंदाने तो निर्माण केला त्याच्या तुलनेत तो अब्जावधी पट मोठा आहे.

प्रयोग झाला तो उणे 155 अंशांच्या आसपास. आपल्या उन्हापावसाच्या तपमानाला असेच वागणारा थरांचा पदार्थ कोणता, याचा शोध निरनिराळ्या प्रयोगशाळांत चालू आहे.